आजारपण काढणाऱ्याला आधार कुठे? पांडेसऱ्यातील मराठी कुटुंबांची वाट

सुरतेच्या दक्षिण भागात उधन्याला लागून पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिल, त्यांच्या आजूबाजूला यंत्रमागांचे कारखाने आणि त्यांना लगटून कामगारांच्या चाळी, असे तिचे स्वरूप. येथे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले, उत्तर प्रदेश-बिहारमधले कामगार आहेत आणि तितक्याच जुन्या ओळखीचे खान्देशी कामगारही. उधन्याहून निघालेली गाडी तापीकाठाने नंदुरबार, अमळनेर करीत जळगावला पोहोचते. याच मार्गाने धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत येत राहिली. उधना, लिंबायत, डिंडोली आणि पांडेसरा या पट्ट्यात अहिराणी सहज कानावर पडते, सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते.

कामाच्या शोधात आलेला माणूस तरुण आणि धडधाकट असतो. त्याचे मूत्रपिंड निकामी होते, त्याला पक्षाघात होतो किंवा गावाकडून आलेली आई अंथरुणाला खिळते, तेव्हा या वसाहतीतले जगण्याचे सारे गणित बदलते. दक्षिण गुजरातच्या श्रमजीवींचा 1960 च्या दशकापासून अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी हे वारंवार नोंदवले आहे की, हा उद्योग माणसाला उमेदीच्या वर्षांत वापरतो आणि त्याच्या आजारपणाचा व म्हातारपणाचा भार गावावर टाकतो. आज मात्र गावी परतणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. डायलिसिस यंत्र गावात नसते, ते शहरात असते. त्यामुळे रुग्ण पांडेसऱ्यातच राहतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे आजारपण काढणारे माणूसही.

हे माणूस बहुतेक घरांत पत्नी, आई, सून किंवा थोरली मुलगी असते. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. जाणे-येणे आणि थांबणे धरले तर महिन्याचे बारा-तेरा दिवस त्यातच मोडतात. यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते आणि मजुरी कामाप्रमाणे मिळते. पाळी चुकली की पैसा चुकला. घरी बसून साड्यांचे धागे कापण्याचे किंवा टिकल्या चिकटवण्याचे काम स्त्रिया करतात, पण त्याचा मोबदला तुटपुंजा. म्हणजे एका माणसाच्या आजाराने घरातल्या दोन माणसांची कमाई बुडते. पहिल्याची का बुडाली, हे सर्वांना दिसते. दुसरीच्या बुडालेल्या कमाईची नोंद कुठेच होत नाही.

सुरत हे सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत मागासलेले शहर नाही, हे येथे सांगायला हवे. सप्टेंबर 1994 मधील प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराची जी साफसफाई झाली तिचे दाखले देशभर दिले गेले. घरोघर फिरून तापाचे रुग्ण शोधण्याची महानगरपालिकेची पद्धत तेव्हापासून घट्ट रुजली. पण ही यंत्रणा साथीसाठी घडलेली आहे. ताप आठवड्यात उतरतो. मूत्रपिंडाचा आजार, पक्षाघात, पार्किन्सन्स यांना शेवटची तारीख नसते, आणि घरोघर फिरणारा कर्मचारी ‘कुणाला ताप आहे का’ असे विचारतो. ‘रात्री रुग्णाजवळ कोण जागते’ हे विचारण्याचा रकाना त्याच्या वहीत नाही.

तरीही मदत मुळीच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मदत आहे. ती तीन दोऱ्यांना बांधलेली आहे: पत्ता, नोकरी आणि रुग्णाच्या नावाची कागदपत्रे. कोणता दोर कुठे ओढायचा, हे बहुतेक कुटुंबांना पहिले कर्ज काढून झाल्यावर समजते.

पत्त्याचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि गोव्याच्या वाचकांना तो दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात 2018 च्या आरंभी परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली, तेव्हा सिंधुदुर्ग आणि कारवारकडून येणाऱ्यांना पत्त्याची किंमत कळली. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठीही गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत तीन वर्षांपूर्वी आलेल्या कामगाराची पत्नी आजारी पडली, तर तिची अवस्था पांडेसऱ्यातील खान्देशी बाईपेक्षा फार वेगळी नसते.

पांडेसऱ्यात या प्रश्नाची गाठ अशी पडते. केंद्राची आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. तिच्यात एका राज्यात काढलेले कार्ड दुसऱ्या राज्यातील सूचीबद्ध रुग्णालयात चालते. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या केंद्रीय योजनेशी जोडलेली आहे. पण जे कुटुंब केवळ राज्याच्या निकषावर, म्हणजे फक्त महाराष्ट्राच्या रेशनकार्डावर पात्र ठरलेले आहे, त्याचे संरक्षण सुरतेत गृहीत धरता येत नाही. दोन्ही कार्डे दिसायला सारखी, कुटुंबाला दोन्ही ‘आयुष्मान’च वाटतात. फरक कळतो तो रुग्णालयाच्या खिडकीवर. म्हणून आजार उद्भवण्याची वाट न पाहता 14555 या क्रमांकावर किंवा सूचीबद्ध रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करून आपले नाव केंद्राच्या यादीत आहे की नाही, हे पाहून ठेवणे हिताचे. कुटुंबात सत्तर वर्षे पूर्ण झालेले कुणी असेल तर प्रश्न सोपा होतो: ऑक्टोबर 2024 पासून अशा प्रत्येक ज्येष्ठाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते.

दुसरा मार्ग गुजरातचे रहिवासी म्हणून पात्र होण्याचा. गुजरातने आपली ‘मा’ योजना आयुष्मानमध्ये मिळवली आणि जुलै 2023 पासून कुटुंबामागे संरक्षणाची मर्यादा पाच लाखांवरून दहा लाख रुपयांवर नेली. त्यासाठी गुजरातचे रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला मामलतदार कार्यालयातून मिळतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची खरी अडचण येथेच आहे. घरमालक भाडेकरार करून देत नाही, वीजबिल मालकाच्या नावावर असते, आणि राहण्याचा पुरावा कुठून आणायचा हा पहिलाच प्रश्न सुटत नाही.

शिवाय पत्ता बदलला की गावाकडचे काही तरी सुटते. महाराष्ट्रात जुलै 2024 पासून लाडक्या बहिणींना दरमहा 1500 रुपये मिळू लागले, त्याला महाराष्ट्राचे रहिवासी असणे आवश्यक. पक्षाघात, कर्करोग किंवा क्षयासारख्या दुर्धर आजाराच्या निराधार रुग्णाला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा 1500 रुपये मिळू शकतात, पण तीही महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठीच. तेव्हा एका घरात असा पेच उभा राहतो: गावचा पत्ता धरून दरमहा येणारी थोडी रक्कम घ्यावी, की सुरतेचा पत्ता घेऊन दहा लाखांचे उपचार-संरक्षण मिळवावे? नियमित डायलिसिस चालू असलेल्या घरात उत्तर स्पष्ट आहे. महिन्याच्या 1500 रुपयांपेक्षा उपचार ज्या राज्यात चालू आहेत तेथील पत्ता अनेक पटींनी मोलाचा. पण हा हिशेब कुटुंबाला कुणी मांडून दाखवत नाही, आणि गावचा कागद सोडणे म्हणजे गाव सोडणे, ही भावनाही त्यात गुंतलेली असते. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

रेशनच्या बाबतीत हा पेच सुटलेला आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत ऑगस्ट 2019 मध्ये सर्वांत आधी ज्या राज्यांच्या जोड्या घेतल्या गेल्या त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही एक होती. अन्नसुरक्षा यादीतले कार्ड गावचे असले तरी आधार पडताळणीवर सुरतेतील रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. घरातली निम्मी माणसे गावी असतील तर उरलेला वाटा त्यांना तेथे उचलता येतो. आजारपणात रोकड वाचवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग, आणि तो वापरण्यासाठी कुणाचा दाखला लागत नाही.

पत्त्याच्या अटीने एकेकाळी माणसांचे प्राण टांगणीला लावले होते, त्याची हकीगत गुजरातमध्येच घडली. मृत दात्याचे मूत्रपिंड मिळावे म्हणून प्रतीक्षायादीत नाव घालताना गुजरातच्या मार्गदर्शक नियमांत अधिवासाचा दाखला मागितला जात असे. वर्षानुवर्षे राज्यात राहणाऱ्या, पण दाखला नसलेल्या रुग्णांनी त्याविरुद्ध गुजरात उच्च न्यायालयात दाद मागितली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये न्यायालयाने ही अट रद्द ठरवली. पाठोपाठ फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभरच अधिवासाची अट काढून टाकण्याची सूचना राज्यांना दिली. पासष्ट वर्षांवरील रुग्णांना नोंदणी नाकारणारी वयोमर्यादाही तेव्हाच गेली. पांडेसऱ्यातील रुग्णाला ‘आपण गुजरातचे नाही, आपले नाव यादीत लागणार नाही’ असे अजूनही कुणी सांगत असेल, तर ते आता खरे नाही. प्रत्यारोपणाचा विचार पुढे आला की घरात सर्वप्रथम नजर वळते ती पत्नीकडे किंवा आईकडे. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. सेवा करणारीच दाती होते, आणि शस्त्रक्रियेनंतर तिची सेवा कोण करणार याची चर्चा बहुधा होतच नाही. मृत दात्याच्या यादीत वेळेवर नाव घालणे हा म्हणून तिच्याही रक्षणाचा मार्ग आहे.

दुसरा दोर नोकरीचा. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे बोलीभाषेतला ‘ईएसआय’, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार त्यात येतात. कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. त्याबदल्यात कामगार, पत्नी, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळतात. सुरतेत या विमा योजनेचे रुग्णालय आहे. कामगार स्वतः आजारी असेल तर वर्षातून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, पक्षाघात, कर्करोग, क्षय अशा 34 दीर्घ आजारांत हा लाभ 80 टक्क्यांच्या दराने दोन वर्षांपर्यंत वाढतो. त्यासाठी आधी सलग दोन वर्षांची नोकरी आणि त्यात किमान 156 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

हा भाग सविस्तर सांगण्याचे कारण असे की, पांडेसऱ्यातील कामगारांना जे हक्काने मिळू शकते त्यातले हे सर्वांत भरीव आहे आणि सर्वांत कमी वापरले जाते. मोठ्या रंगाई मिलमध्ये कामगार ठेकेदाराकडून आलेला असतो, त्याला आपण मिलचे नाही असे वाटते. वस्तुतः ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरली जाईल हे पाहण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे. यंत्रमागांच्या बाबतीत एकच कारखाना कागदावर लहान लहान तुकड्यांत दाखवला जातो, म्हणजे दहाचा आकडा गाठलाच जात नाही. आजार जडल्यावर नाव नोंदवून घेण्याचा आग्रह धरणे कठीण. धडधाकट असताना आपल्या नावाचा दहा अंकी विमा क्रमांक मागून घेणे हीच खरी तजवीज.

आणि येथेही सेवा करणारी व्यक्ती बाहेरच राहते. नवऱ्याच्या आजारासाठी पत्नीला किंवा आईच्या आजारासाठी मुलाला पगारी रजा देणारी तरतूद खाजगी कारखान्यांच्या कायद्यात नाही. असते ती फक्त कमावलेली रजा, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेणाऱ्याला ती दोन-तीन महिनेही पुरत नाही.

तिसरा दोर रुग्णाच्या कागदांचा. डायलिसिस आयुष्मान योजनेत बसते. गुजरात सरकारने अहमदाबादच्या मूत्रपिंड संस्थेच्या देखरेखीखाली राज्यभर मोफत डायलिसिस केंद्रांचे जाळेही उभारले आहे. सुरतेत नवीन सिव्हिल हॉस्पिटल आणि महानगरपालिकेचे ‘स्मीमेर’ ही दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत, आणि पहिली चौकशी तेथेच करावी. आयुष्मानबद्दल एक गैरसमज मात्र सार्वत्रिक आहे. ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे; दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस तिच्यात धरले जातात. महिनोन्‌महिने घ्यावयाच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातून मोफत घ्यावीत, उरलेली जनऔषधी केंद्रातून. तेथील किमती बाजारातील नामांकित औषधांच्या निम्म्याहूनही कमी असतात.

गावाहून सुरतेला डायलिसिससाठी ये-जा करणाऱ्यांना रेल्वेची सवलत आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि त्याच्यासोबतच्या एका व्यक्तीला द्वितीय वर्ग व शयनयानाच्या भाड्यात 75 टक्के सूट मिळते. रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र त्यासाठी लागते. सोबतच्या माणसाचा एवढा स्पष्ट उल्लेख असलेल्या मोजक्या सरकारी नियमांपैकी हा एक. रेल्वेला रुग्ण एकटा प्रवास करीत नाही हे कळते, इतर खात्यांना ते अजून कळायचे आहे.

पक्षाघात, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांत अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्ड काढावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. निकामी मूत्रपिंड त्यांत नाही, ही त्यातली उणीव. 2017 च्या नियमांनी राहत्या जिल्ह्याबरोबरच, जेथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयातही अर्जाची वाट ठेवली; गाव सोडून आलेल्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय. याच कायद्याने ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या केली आणि त्यात मोबदला न घेता सेवा करणारे आईवडील व कुटुंबीय यांना धरले. अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता देण्याची तरतूदही त्यात आहे. ती अमलात आणणे राज्यांवर सोपवलेले. केरळने तर या कायद्याच्या आधीच, 2010 पासून, अंथरुणाला खिळलेल्यांची अखंड सेवा करणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजना सुरू केली. दरमहा 600 रुपये. रक्कम मामुली आहे, वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारीही होत असतात. पण सेवा करणाऱ्या बाईचे नाव सरकारी यादीत लागते, तिच्या स्वतःच्या नावाने.

पैशाखेरीज दुसरी गरज आहे ती शिकवण्याची. डायलिसिसच्या रुग्णाच्या ज्या हाताला फिस्टुला केलेला असतो त्या हाताचा रक्तदाब घ्यायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचे नाही, तेथील थरथर रोज बोटांनी तपासायची आणि ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. पाणी मोजून द्यायचे, रोज वजन लिहायचे. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन झपाट्याने वाढले तर ते अंगात साचलेले पाणी असते. केळी, नारळपाणी हे आजाऱ्याला प्रेमाने दिले जाणारे पदार्थ येथे घातक ठरू शकतात. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर जखमा होतात. या गोष्टी परिचारिकेला ठाऊक असतात. गर्दीच्या वॉर्डात त्या सांगायला वेळ नसतो. नातेवाइकांना रुग्णालयातच असे पद्धतशीर शिकवण्याचे काम कर्नाटक, पंजाब आदी राज्यांत ‘नूरा हेल्थ’ ही संस्था सरकारी रुग्णालयांबरोबर करीत आली आहे. जेथे असा वर्ग नसेल तेथे घरी सोडण्याच्या दिवशी, कागदावर सही करण्यापूर्वी, करून दाखवा असे म्हणण्याचा अधिकार नातेवाइकाला आहे. भाषेची अडचण असेल तर घरातल्या गुजराती समजणाऱ्या मुलाला सोबत न्यावे, मात्र त्यासाठी त्याची शाळा दर वेळी बुडणार नाही हेही पाहावे.

राहिला प्रश्न झोपेचा. वर्षभर रात्री अर्धवट झोपलेल्या बाईची चिडचिड होते, ती रुग्णावर ओरडते आणि मग स्वतःलाच दोष देते. हा स्वभावाचा दोष नव्हे, थकव्याचे लक्षण आहे. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, मोफत बोलता येते; तो केवळ मनोरुग्णांसाठी नाही. ज्येष्ठ रुग्णांसंबंधी 14567 ही वेगळी हेल्पलाइन आहे. फोनवरचा आवाज रात्रीची पाळी मात्र करू शकत नाही. त्यासाठी दुसरे माणूसच लागते, आणि ते बोलावल्याशिवाय येत नाही. चाळीतली शेजारीण ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणते तेव्हा ती खरेच विचारत असते. तिला ‘गुरुवारी दुपारी दोन ते पाच येऊन बसाल का’ असे नेमके काम सांगितले तर ती येते. समाजमंडळाकडे वर्गणी मागण्यापेक्षा आठवड्याचे दोन तास मागणे सोपे, आणि पुष्कळदा अधिक उपयोगाचे.

डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकांवर हे आपोआप घडतही असते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तेच रुग्ण आणि त्यांच्याबरोबरची तीच माणसे चार तास शेजारी बसतात. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, कोणता कारकून ऐकून घेतो, इंजेक्शन कुठे स्वस्त मिळते, ही माहिती त्या बाकावर असते. एकीने दोघींच्या रुग्णांकडे लक्ष ठेवावे आणि दुसरीने त्या चार तासांत मामलतदार कचेरी गाठावी, पुढच्या खेपेस उलट.

अशा बाकावरच्या अनुभवी बाईच्या पिशवीत बहुधा एक प्लास्टिकची फाइल असते. तिच्यात आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, विमा क्रमांक आणि डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्ससह. त्याच फाइलच्या पहिल्या पानावर आणखी एक गोष्ट लिहिलेली असावी: ही बाई स्वतः आजारी पडली, तर रुग्णाला डायलिसिसला कोण नेईल त्याचे नाव आणि फोन नंबर.